आभासी नेटवर्क अडॅप्टर

आभासी नेटवर्क अडॅप्टर हा व्हर्च्युअल मशीनला, म्हणजेच एका संगणकात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला, नेटवर्कशी जोडणारा घटक होय. पिंपरी-चिंचवड व चाकण येथील वाहन उद्योगासारख्या कारखानदारीत यंत्रांचे नियंत्रण पीएलसीद्वारे होते. पीएलसीची काही जुनी सॉफ्टवेअर केवळ विंडोज एक्सपीवर चालतात. या प्रणालीचे मायक्रोसॉफ्टकडील साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. त्यामुळे ती व्हर्च्युअल मशीनमध्ये जपली जाते. अडॅप्टर चालेनासा झाल्यास पीएलसीशी संपर्क तुटतो व बंद यंत्राची दुरुस्ती खोळंबते.

जोडणीचे प्रकार

नॅट जोडणीत मशीन मूळ संगणकाच्या पत्त्याआडून बाहेर संपर्क साधते. ब्रिज्ड जोडणीत तिला कारखान्याच्या नेटवर्कवर स्वतंत्र स्थान मिळते. होस्ट-ओन्ली जोडणी मूळ संगणकापुरती मर्यादित असल्याने तिच्यातून पीएलसी दिसत नाही.

बिघाडाचे निदान

अडॅप्टर दिसतच नसल्यास ड्रायव्हरचा अभाव संभवतो. ब्रिज केबलऐवजी वाय-फायच्या कार्डाशी जोडलेला असल्यासही पीएलसी सापडत नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर न आल्याचे दर्शवतो. पीएलसीचा पत्ता बहुधा स्थिर असतो. म्हणून मशीनला त्याच सबनेटमधील, परंतु इतर कोणत्याही उपकरणाचा नसलेला पत्ता द्यावा लागतो.