कल्याण व भिवंडी लोकसभा मतदारसंघ

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या ठाणे जिल्ह्यातील शहरांचे लोकसभेत प्रतिनिधित्व करणारे दोन मतदारसंघ (पहा : लोकसभा; ठाणे जिल्हा). लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ४८ महाराष्ट्राच्या आहेत. २००८ च्या पुनर्रचनेत (पहा : परिसीमन आयोग) हे मतदारसंघ सध्याच्या स्वरूपात अस्तित्वात आले, त्यानुसार पहिली निवडणूक २००९ मध्ये झाली.

उल्हासनगर आणि अंबरनाथ (अनुसूचित जातींसाठी राखीव) हे विधानसभा मतदारसंघ कल्याणमध्ये, तर बदलापूर मुरबाड विधानसभा मतदारसंघातून भिवंडीत मोडते. सीमेचा हा भाग विशेष लक्षात घ्यावा लागतो : बदलापूर महसुलीदृष्ट्या अंबरनाथ तालुक्यातच आहे, म्हणजे तहसील कार्यालय एक आणि खासदार दोन. कर्जत लोकलमधला प्रवासी अंबरनाथ स्थानक सोडून बदलापूरला उतरतो, तेवढ्यात त्याचा मतदारसंघ बदललेला असतो. रेल्वेचा प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच राहतो (पहा : मुंबई उपनगरी रेल्वे).

कल्याणमधून २००९ मध्ये आनंद परांजपे आणि २०१४, २०१९ व २०२४ मध्ये श्रीकांत शिंदे निवडून आले. भिवंडीतून सुरेश टावरे (२००९), कपिल पाटील (२०१४, २०१९) व सुरेश म्हात्रे (२०२४) निवडून आले. पाटील २०२१ ते २०२४ या काळात केंद्रीय पंचायती राज राज्यमंत्री होते.