श्रीजेश जखमी झाला की गोलपोस्टमध्ये यवतमाळचा आकाश चिकटे उभा राहायचा

30 ऑक्टोबर 2016. दिवाळीचा दिवस. मलेशियातल्या कुआंतानमध्ये हॉकीच्या एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती आणि समोर पाकिस्तान. नेमका त्याच दिवशी भारताचा कॅप्टन आणि हुकमी गोलकीपर पी. आर. श्रीजेश दुखापतीमुळे बाहेर बसला होता.

गोलपोस्टमध्ये उभा राहिला यवतमाळचा आकाश चिकटे.

भारताने 2-0 अशी आघाडी घेतली. पाकिस्तानने बरोबरी साधली. शेवटी निक्किन थिमय्याच्या गोलमुळे भारत 3-2 ने जिंकला.

1992 साली जन्मलेला आकाश कापसाच्या जिल्ह्यातला. त्यात जागा अशी, की संधी मिळणंच अवघड. हॉकीत बाकीचे खेळाडू दर काही मिनिटांनी आतबाहेर होतात, गोलकीपर मात्र सहसा पूर्ण मॅच उभा असतो. पहिला गोलकीपर श्रीजेश असेल, तर दुसऱ्याने बेंचवर बसून वाट बघायची.

मे 2017 मध्ये अझलन शाह कपमध्ये श्रीजेशच्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली आणि तो कित्येक महिने मैदानाबाहेर गेला. ऑक्टोबरमध्ये ढाक्याला एशिया कप झाला तेव्हा भारताचे दोन्ही गोलकीपर महाराष्ट्राचे होते, आकाश आणि मुंबईचा सूरज करकेरा. फायनलमध्ये मलेशियाला 2-1 ने हरवून भारताने दहा वर्षांनी एशिया कप जिंकला.

पण आकाशची खरी मॅच डिसेंबरमधली. भुवनेश्वरला वर्ल्ड लीग फायनलच्या क्वार्टर फायनलमध्ये ऑलिम्पिक रौप्यपदक विजेता बेल्जियम समोर होता. 3-3 बरोबरी झाली आणि सामना शूटआउटवर गेला. हॉकीचं शूटआउट म्हणजे फुटबॉलची पेनल्टी नव्हे. खेळाडू 23 मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन धावत येतो, त्याच्याकडे आठ सेकंद असतात आणि गोलकीपरही पुढे येऊन त्याला अडवू शकतो. पाच-पाच प्रयत्नांनंतरही बरोबरीच राहिली. मग सडन डेथमध्ये हरमनप्रीतने गोल केला, आकाशने बेल्जियमच्या आर्थर व्हॅन डोरेनला रोखलं आणि भारत 3-2 ने सेमीफायनलमध्ये. पुढे जर्मनीला हरवून ब्राँझही मिळालं.

तीन महिनेही झाले नाहीत तोच, 27 फेब्रुवारी 2018 ला बंगळुरूच्या राष्ट्रीय शिबिरात त्याच्या लघवीचा नमुना घेण्यात आला. त्यात नॉरअँड्रोस्टेरोन हे अॅनाबॉलिक स्टेरॉइड सापडलं. मार्चमध्ये तात्पुरतं निलंबन झालं आणि ऑक्टोबरमध्ये नाडाच्या शिस्तपालन समितीने दोन वर्षांची बंदी घातली.

इथे एक गोष्ट बातम्यांच्या मथळ्यांत हरवली. पायाच्या दुखापतीवर औषधं घेतली होती, मुद्दाम काही केलं नाही, हे आकाशचं म्हणणं समितीने मान्य केलं. मग बंदी का? कारण डोपिंगच्या नियमांत शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार असतो. हेतू नव्हता हे सिद्ध झालं, तर अशा स्टेरॉइडसाठी शिक्षा साधारण चारवरून दोन वर्षांवर येते, माफ सहसा होत नाही. बंदी असलेला घटक औषधात असेल, तर त्याची वैद्यकीय सूट आधी मागावी लागते.

निलंबनाचा काळ शिक्षेत धरला गेला, तरी वर्षअखेरीचा भुवनेश्वरचा वर्ल्ड कप हुकलाच. तिथे श्रीजेशच्या जोडीला कृशन पाठक होता. 2020 मध्ये बंदीचा काळ सरला, तेव्हा कोरोनामुळे मैदानं बंद पडली होती. पुढच्या वर्षी टोकियोत भारताने 41 वर्षांनी हॉकीचं ऑलिम्पिक पदक जिंकलं. गोलपोस्टमध्ये श्रीजेश होता.