कोंबड्यांची निवड : आनुवंशिकता गुणांक काढण्याच्या पद्धती

सोलापूर भागात गावरान कोंबड्यांमध्ये पैदाशीचा नर बहुधा वजन पाहून ठेवला जातो. या वजनातील फरक किती आनुवंशिक आणि किती खाद्य-हवामानामुळे, हे आनुवंशिकता गुणांकावरून कळते. अंड्यांच्या संख्येसाठी तो साधारणपणे कमी, तर शरीराच्या व अंड्याच्या वजनासाठी मध्यम ते जास्त असतो.

पद्धतींची तुलना

• नर घटक : एका नराची अनेक माद्यांपासून झालेली पिल्ले तपासतात. नरामुळे येणाऱ्या विचरणाच्या चौपटीला एकूण विचरणाने भागतात. नर थोडे असल्यास अंदाज डळमळीत.
• मादी घटक : अंड्याच्या आकारासारखे मातृप्रभाव मिसळल्याने गुणांक फुगू शकतो.
• पालक-पिल्ले समाश्रयण : गणित सोपे, पण दोन्ही पिढ्यांच्या नोंदी हव्यात.
• रेमल : पॅटरसन व थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये मांडलेली पद्धत. ॲनिमल मॉडेलसोबत पूर्ण वंशावळ वापरता येते. गटांतील संख्या असमान असली तरी चालते. संगणक आवश्यक.

चुकीचा परिणाम

समजा, कळपाची सरासरी १,२०० ग्रॅम व निवडलेल्या नर-माद्यांची १,५०० ग्रॅम आहे. गुणांक ०.४ असल्यास पुढील पिढीत १२० ग्रॅम वाढ अपेक्षित. फुगलेला ०.६ धरल्यास १८० ग्रॅमची आशा लागते आणि नियोजन फसते.

काय करावे?

पायात क्रमांकाची रिंग घालावी. आई-बाप, उबवणीची तारीख व वजन नोंदवावे. एकाच उबवणीतील पिल्लांची तुलना करावी. मे महिन्यातील उन्हात वाढलेली पिल्ले हिवाळ्यातील पिल्लांशी ताडू नयेत. नोंदीच नसतील, तर कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही.