हौशी कॅमेरा आणि रानपिंगळा
अमरावतीचे वडाळी व छत्री तलाव, अकोल्याजवळचा कापशी तलाव ही वऱ्हाडातील हौशी छायाचित्रकाराला हात बसवण्यासाठी सोयीची ठिकाणे. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि कितीही महागडे भिंग असले तरी दूरचा पक्षी धूसरच उमटतो. त्यावर भल्या पहाटे निघणे हाच उपाय.

खरी कसोटी मेळघाटात लागते. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीलायक नोंद नव्हती. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना हे छोटे घुबड शहाद्याजवळ पुन्हा सापडले. पुढे ते मेळघाटातही आढळले. ते दिवसा वावरते, ही छायाचित्रकाराची मोठीच सोय. पण गावोगावचा साधा पिंगळाही दिसायला तसाच. माथ्यावर दाट ठिपके असतील तर तो साधा पिंगळा. माथा जवळजवळ कोरा आणि पोटाचा खालचा भाग पांढराशुभ्र असेल तर रानपिंगळा. म्हणजे नुसत्या देखण्या डोळ्यांपेक्षा माथा व पोट स्पष्ट दाखवणारे साधे चित्र अभ्यासकाला अधिक उपयोगाचे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे, ढोलीसमोर ठाण मांडणे कटाक्षाने टाळावे. चित्रासोबत तारीख व वेळ नोंदवावी. घरट्याची नेमकी जागा मात्र कुणालाही सांगू नये.