बिबट्याचं घर कुठं? उसात!

आजचा एपिसोड सुरू होतो एका वर्कशीटपासून.

माझी पुतणी इस्लामपुरात तिसरीला आहे. तिला गृहपाठ होता, 'प्राणी आणि त्यांची घरं, जोड्या लावा'. एकीकडे चिमणी, साप, मधमाशी, बिबट्या. दुसरीकडे घरटं, बीळ, पोळं, जंगल. पोरीनं 'जंगल' खोडलं आणि तिथं लिहिलं 'ऊस'. लाल फुली आली. रडवेली होऊन मला म्हणते, "काका, पण बिबट्या उसातच असतोय की!"

आता सांगा, चुकलं कोण? उत्तर शोधायचं तर आपल्या शिवाराचा इतिहास बघायला लागतो.

सुरुवात आज्जीपासून केली. ती म्हणाली, "आमच्या वेळी एवढा ऊस कुठला? माळावर ज्वारी, भुईमूग. लांडगं दिसायचं, कोल्ही ओरडायची." म्हणजे तेव्हाचं घर वेगळं, राहणारे वेगळे. उघडा माळ, खुरटं गवत. तिथं लांडगा, खोकड, ससा यांचं भागायचं. लपूनछपून राहणाऱ्या बिबट्याला तिथं आडोसा कमी.

मग पाणी आलं. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा घालून ब्रिटिशांनी 1860 च्या दशकात कालवा काढला. तो नदीच्या पलीकडच्या काठानं आपल्या वाळवा तालुक्यात उतरला. पण खरा बदल झाला स्वातंत्र्यानंतर. सहकारी साखर कारखाने उभे राहिले, नदीवरून उपसा योजना झाल्या, वारणेवर चांदोलीचं धरण झालं. माळ फुटले, पाट वाहायला लागले आणि ऊस डोक्याच्या वर गेला.

बिबट्याच्या नजरेनं बघा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. आत गारवा, पाटाला पाणी, दिवसभर लपायला जागा. खायला डुकरं, भटकी कुत्री, शेळ्या, उंदीर-घुशी. मादी तिथंच पिल्लं घालते. तोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात, ही आपल्या भागात नवी बातमी राहिलेली नाही. अशा वेळी पिल्लांना हात न लावता वनखात्याला कळवायचं. पिल्लं त्याच जागी ठेवली की आई बहुतेक वेळा रात्री येऊन घेऊन जाते.

हे फक्त आपल्याकडंच नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या त्या भागात 100 चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे निघाले. जुन्नरच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्यानं प्रश्न मिटत नाही, उलट सोडलेल्या जागी माणसांवरचे हल्ले वाढतात.

"मग माणसं प्राण्यांची घरं फक्त मोडतातच का?" पुतणीचा पुढचा प्रश्न. नाही. सागरेश्वर बघा. कडेगाव, पलूस, वाळवा या तीन तालुक्यांच्या सीमेवरचे डोंगर बोडके पडले होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना हाताशी धरून तिथं झाडं लावली, जगवली. सांबर, चितळ आणून सोडले. 1985 साली ते अभयारण्य झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, पण माणसांनी उभं केलेलं. हरणं वाढली तशी ती कुंपणाबाहेर येऊन आसपासची पिकं खायला लागली, हेही खरंच. घर बांधलं की शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो.

त्याच 1985 साली चांदोली अभयारण्य झालं. 2004 ला राष्ट्रीय उद्यान, 2010 ला कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. त्या जंगलासाठी आणि धरणासाठी गावं उठली, माणसांचीही घरं हलली. हा धडा वर्कशीटमध्ये मावत नाही.

तर मंडळी, 'जंगल' हे उत्तर चूक नाहीच. पण पोरीचं उत्तरही चूक नाही. तिनं पाठ केलेलं लिहिलं नाही, शिवारात दिसतं ते लिहिलं. आणि हे कळणं गरजेचं आहे. 'बिबट्या जंगलात असतो' एवढंच डोक्यात बसलेलं पोरगं अंधार पडल्यावर उसाच्या कडेला बिनधास्त जाईल. ऊसतोड कामगारांची लेकरं तर फडाच्या कडेलाच कोपीत झोपतात. त्यांच्यासाठी हे उत्तर मार्कांचं नाही, जिवाचं आहे.

घरात लहान भावंडं असतील तर आज एक करा. कागदाचे तीन भाग करा: आज्जीच्या लहानपणी, आई-बाबांच्या लहानपणी, आत्ता. प्रत्येकाला विचारा, शिवारात काय पिकायचं, पाणी कुठून यायचं, कुठले प्राणी दिसायचे. आज्जी बोलताना मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. लांडगं बघितलेली माणसं आता थोडी राहिलीत.

आमच्या कागदाच्या तिसऱ्या भागात पुतणीनं हिरवागार ऊस काढलाय आणि त्यातून डोकावणारे दोन कान. या वेळी फुली मारायला कुणी नव्हतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर अंधारात शेताकडं जाताना बॅटरी घ्या, मोबाईलवर गाणी लावा आणि लेकरांना मध्ये ठेवून चाला!