गाडीचे दुसरे पोट

ज्यांच्या घरी कधीकाळी चेतक स्कूटर होती त्यांना ‘रिझर्व्ह’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गाडी आचके देऊ लागली की हात खाली घालून खटका फिरवायचा आणि पंप गाठायचा. गंमत म्हणजे हे रिझर्व्ह वेगळ्या टाकीत नसते. टाकी एकच, तिच्यात उंच-बुटक्या दोन नळ्या. उंच नळीला पेट्रोल मिळेनासे झाले की बुटकी नळी तळाचे शेवटचे पेट्रोल ओढते. अमेरिकेतल्या जुन्या पिकअप ट्रकांत मात्र खरोखरच दुसरी टाकी असे. लंबोदराच्या उत्सवाच्या स्मरणिकेत या दुसऱ्या पोटाची हकीकत सांगायला हरकत नसावी. ती वरवर यंत्राची वाटली, तरी मुळात माणसाच्या काळजीची आहे.

पिकअप म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा. फोर्ड कंपनीने एप्रिल १९२५ मध्ये मॉडेल टी या गाडीवर कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली, तेव्हापासून ही गाडी तिथल्या शेतकऱ्याच्या घरातली झाली. मॉडेल टीची टाकी पुढच्या सीटखाली असे आणि तिला पंप नव्हता. पेट्रोल उतारानेच इंजिनाकडे वाहत जाई. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ आला, तर टाकी इंजिनापेक्षा खाली जाई आणि गाडी बंद पडे. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. टाकी किती मोठी आहे, याइतकेच ती कुठे आहे हेही महत्त्वाचे, हा धडा अगदी सुरुवातीलाच मिळाला होता.

पुढे पंप आले आणि टाकी कुठेही ठेवण्याची मोकळीक मिळाली. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपची टाकी चालकाच्या सीटखालीच होती. गादी उचलून पेट्रोल भरायचे. जास्तीचे पेट्रोल मागे टांगलेल्या २० लिटरच्या पत्र्याच्या डब्यात. हा ‘जेरीकॅन’ मूळ जर्मन सैन्याचा, म्हणून त्याचे नाव तसे. युद्धानंतरच्या शेव्हरोले पिकअपमध्ये टाकी केबिनमध्येच, सीटच्या पाठीमागे उभी केलेली असे. १९७२ पर्यंत हीच रचना होती. धडक बसली तर टाकी बाहेरून बरीच सुरक्षित, पण पाठीशी पंचाहत्तर लिटर पेट्रोल घेऊन बसायचे आणि उन्हाळ्यात त्याचा वासही घ्यायचा.

या गाड्यांची भूकही दांडगी. एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, दहा-बारा मैल हा सर्वसाधारण हिशोब. पश्चिमेकडच्या राज्यांत दोन पंपांमधले अंतर मोठे. शेतमाल, गुरे किंवा मागे जोडलेली घरगाडी ओढायची असली की हिशोब आणखी खाली येई. म्हणून कारखान्यातूनच जास्तीची टाकी मागवण्याची सोय झाली. पेट्रोल कोणत्या टाकीतून घ्यायचे हे ठरवणारी एक तोटी असे. आधी ती हाताने फिरवावी लागे, नंतर डॅशबोर्डवर खटका आला आणि तोटी विजेवर फिरू लागली. पेट्रोलचा काटा बहुधा एकच; खटका ज्या टाकीकडे, तिची पातळी तो दाखवी.

१९७३ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने आपल्या पिकअपची रचना मुळापासून बदलली. टाकी केबिनमधून बाहेर काढली. मागे हौद्याखाली जादा चाक आणि मधून इंजिनाची फिरती दांडी व धूर सोडणारी नळी. त्यामुळे टाकीला जागा दिली ती चासीच्या लांब पोलादी तुळईच्या बाहेरच्या अंगाला, हौद्याच्या पत्र्याआड. घोड्याच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवाव्यात तशा दोन टाक्या लावता येत. प्रत्येकी २० गॅलनच्या घेतल्या तर एकूण दीडशे लिटर.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले. पिंपाचा भाव काही महिन्यांत सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. पंपांवर रांगा लागल्या, गाडीच्या नंबरप्रमाणे सम-विषम दिवशी पेट्रोल मिळू लागले आणि जानेवारी १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही झाली. झळ आपल्यालाही बसली. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, ते त्या वेळी आपल्या ग्वाल्हेरचेच खासदार होते. बैलगाडीला टाकी लागत नाही. पण ज्याची सारी शेती पिकअपवर चालते त्या अमेरिकन शेतकऱ्याला दुसरी टाकी म्हणजे कोठीत भरून ठेवलेले वर्षाचे धान्यच वाटले असेल. उद्या पंप बंद असला तरी आपली गाडी चालेल, हा दिलासा मोठा होता.

हा दिलासा ठेवला होता मात्र गाडीच्या कडेला. समोरून किंवा मागून धडक बसली तर टाकीपुढे बरेच लोखंड होते. बाजूने बसली तर टाकी आणि समोरच्या गाडीच्या मध्ये फक्त हौद्याचा पत्रा. बाजूच्या धडकेने टाकी फुटून आग लागल्याच्या घटना पुढे येऊ लागल्या. धडकेतून वाचू शकली असती अशी माणसे आगीत गेली, अशी तक्रार घेऊन कुटुंबे न्यायालयांत गेली. पुढे कंपनीने टाक्यांना प्लॅस्टिकचे संरक्षक कवच दिले, पण १९८७ पर्यंत त्यांची जागा तीच राहिली. अशा गाड्या जवळजवळ एक कोटी निघाल्या. १९८८ च्या नव्या मॉडेलमध्ये टाकी तुळईच्या आत आली.

कंपनीचे उत्तर सरळ होते: आमच्या गाड्या सरकारी नियमात बसतात आणि एकूण अपघातांच्या आकड्यांत त्या इतरांइतक्याच सुरक्षित आहेत. नियमाचा मुद्दा खोटा नव्हता. इंधन गळतीविषयीचा संघराज्य नियम १९६८ पासून होता, पण तो मोटारींना. पिकअपना तो १९७७ च्या मॉडेलपासून लागू झाला. त्यात बाजूच्या धडकेची चाचणी होती ताशी २० मैलांची. रस्त्यावर समोरून येणारा मात्र ताशी २० मैलांनीच येतो असे नाही.

१९९२-९३ मध्ये हे प्रकरण पेटले. एनबीसी वाहिनीने नोव्हेंबर १९९२ मध्ये अशा पिकअपला आग लागल्याचे दृश्य दाखवले. पण ठिणगी पडावी म्हणून गाडीखाली आतषबाजीची छोटी उपकरणे बसवली होती, हे प्रेक्षकांना सांगितलेच नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीला जाहीर माफी मागावी लागली. खऱ्या तक्रारीला खोटा पुरावा जोडला की नुकसान तक्रारीचेच होते. त्याच महिन्यात अटलांटाच्या ज्यूरीने एका तरुणाच्या मृत्यूबद्दल कंपनीला दहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई देण्यास सांगितले; पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

ऑक्टोबर १९९४ मध्ये वाहतूक मंत्री फेडेरिको पेन्या यांनी जाहीर केले की या गाड्यांत सुरक्षेचा दोष आहे. त्यांच्या खात्याच्या हिशोबाने अशा आगींत सुमारे दीडशे माणसे गेली होती. गाडी नियमात बसते हे खात्यालाही मान्य होते. तरीही ती सदोष असू शकते, असे सरकारचे म्हणणे होते. हा प्रश्न न्यायालयात शेवटपर्यंत लढला गेला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये समझोता झाला: कंपनीने सुरक्षेच्या कामांसाठी पाच कोटी डॉलरहून थोडे अधिक द्यायचे आणि सरकारने गाड्या परत बोलावण्याचा आग्रह सोडायचा. रस्त्यावरच्या लाखो गाड्यांच्या टाक्या होत्या तिथेच राहिल्या.

माझी नोकरी सरकारी कचेरीतली. तपासणीच्या तक्त्यात सगळ्या रकान्यांसमोर ‘होय’ आले की फाईल पुढे जाते. तसे असावेच लागते, नाहीतर काम चालणार नाही. पण नियम हा किमान रेघ असतो. कोणाला तरी अनुभव येतो, त्यानंतर ती रेघ आखली जाते आणि पुढच्या अनुभवापर्यंत ती तिथेच राहते. मधल्या काळात माणसे त्याच रस्त्यावरून जात असतात. ‘नियमात बसते’ आणि ‘सुरक्षित आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पेन्या यांनी ती वेगळी मानली, हे त्यांचे श्रेय. दुसरे वाक्य कागदावर आल्यावरही गाड्यांना काहीच झाले नाही, हे त्या समझोत्याचे अपयश.

दोन टाक्यांचा जमाना १९९० च्या दशकाअखेर सरला. कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले, तसा प्रत्येक टाकीत वेगळा पंप आणि उरलेले पेट्रोल परत नेणारी नळी लागू लागली. ते परतीचे पेट्रोल चुकीच्या टाकीत गेले की ती भरून वाहू लागे. इंजिनेही कमी पिऊ लागली. तुळयांच्या आत बसणारी एकच मोठी टाकी पुरे झाली.

आज जुन्या पिकअप हौसेने नव्या करणारे अनेकजण केबिनमधली टाकी काढून हौद्याखाली, दोन तुळयांच्या मधोमध दुसरी बसवतात. साठा करणे ही आपली जुनी सवय. कोठी असो, तिजोरी असो की टाकी, अडीनडीला काढून ठेवलेले उपयोगीच पडते. पण ते ठेवायची जागाही तितक्याच विचाराने निवडावी लागते. पहिला घाव जिथे बसेल तिथे साठा ठेवला, तर अडचणीच्या वेळी तोच साठा जिवावर उठतो.