समीक्षकांनी धू धू धुतलेला ‘झॅनाडू’ लोक आजही आवडीने का बघतात?

एक ग्रीक देवी रोलर स्केट्स घालून लॉस एंजेलिसमध्ये येते, नोकरीला वैतागलेल्या एका चित्रकाराचं चुंबन घेते आणि पुढे त्याला चक्क डिस्को क्लब काढायला लावते. ही मीमची कल्पना वाटेल, पण हॉलिवूडने १९८० साली सुमारे २ कोटी डॉलर खर्चून खरंच असा सिनेमा काढला होता. त्याचं नाव ‘झॅनाडू’.

समीक्षकांनी त्याची पार पिसं काढली. वाईट सिनेमांना दिले जाणारे ‘रॅझी’ पुरस्कार सुरू झाले, त्यालाही हाच सिनेमा काही अंशी कारणीभूत ठरला. तरी त्याची गाणी गाजली, पुढे त्यावर ब्रॉडवेचं नाटक आलं आणि त्याचे चाहते आजही आहेत. हे कसं झालं?

गोष्ट काय आहे?

सनी मलोन (मायकेल बेक) एका रेकॉर्ड कंपनीत अल्बमच्या कव्हरची मोठी चित्रं रंगवतो. स्वतःचं काही करायला मिळत नाही म्हणून तो कंटाळलेला आहे. एके दिवशी भिंतीवरच्या चित्रातून नऊ मुली जिवंत होऊन बाहेर पडतात. त्या आहेत ‘म्यूझ’, म्हणजे ग्रीक पुराणातल्या कलांना प्रेरणा देणाऱ्या देवी. त्यातली किरा (ऑलिव्हिया न्यूटन-जॉन) सनीला भेटते. ती डॅनी मॅग्वायर या जुन्या क्लॅरिनेटवादकालाही प्रेरणा देते, आणि सनी व डॅनी मिळून एका पडीक इमारतीत क्लब उभा करतात. मधल्या काळात देवी माणसाच्या प्रेमात पडते आणि स्वर्गात पंचाईत होते.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. उर्वशी आणि पुरुरव्याची कथा याच जातीची आहे. इथे फक्त अप्सरेच्या पायात चाकं आहेत.

समीक्षकांना काय खटकलं?

टीका बरीचशी रास्त होती. पटकथा विस्कळीत आहे. प्रसंग एकमेकांना धरून येत नाहीत, संवाद लाकडी आहेत आणि नायक-नायिकेचं प्रेम आपल्याला फक्त सांगितलं जातं, दिसत नाही. देवांच्या दरबारातला प्रसंग म्हणजे निऑन रेषा आणि वरून येणारे आवाज.

त्यात वेळही चुकली. रोलर डिस्कोवरचे ‘रोलर बूगी’ आणि ‘स्केटटाउन यूएसए’ हे सिनेमे १९७९ मध्येच येऊन गेले होते. त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोट करून उडवला गेला. गर्दी मैदानात घुसली आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को हे कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलैंगिकांच्या क्लबमधून वर आलेलं संगीत होतं. त्यामुळे या रागामागे फक्त संगीताची नावड नव्हती, असं अनेक अभ्यासक मानतात.

८ ऑगस्ट १९८० रोजी ‘झॅनाडू’ प्रदर्शित झाला तेव्हा अमेरिकेत डिस्कोचं नाव काढणंही जुनाट वाटू लागलं होतं. गंमत म्हणजे आपल्याकडे त्याच वर्षी ‘कुर्बानी’ आणि ‘कर्ज’ने डिस्कोची लाट आणली.

रॅझीशी संबंध काय?

जॉन विल्सन या प्रसिद्धी क्षेत्रातल्या माणसाने ‘झॅनाडू’ आणि ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’ हे दोन सिनेमे एकाच तिकिटात, ९९ सेंटमध्ये पाहिले. त्यातून त्याला वाईट सिनेमांना पुरस्कार देण्याची कल्पना सुचली. १९८१ च्या पहिल्या रॅझीत सर्वात वाईट सिनेमाचा मान ‘कान्ट स्टॉप द म्युझिक’ने पटकावला. ‘झॅनाडू’चे दिग्दर्शक रॉबर्ट ग्रीनवाल्ड सर्वात वाईट दिग्दर्शक ठरले.

मग त्यात चांगलं काय आहे?

पहिलं उत्तर, गाणी. निम्मी गाणी इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्राच्या जेफ लिनची, बाकीची जॉन फॅररची. ‘मॅजिक’ हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शीर्षकगीत तर सिनेमा अमेरिकेत लागण्याआधीच, जुलैमध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं. ‘सडनली’ या द्वंद्वगीतात ऑलिव्हियासोबत आहे क्लिफ रिचर्ड, जन्माने आपल्या लखनौचा.

दुसरं, जीन केली. ‘सिंगिंग इन द रेन’चा हा नर्तक डॅनीच्या भूमिकेत आहे. १९४४ च्या ‘कव्हर गर्ल’मध्येही त्याच्या पात्राचं नाव डॅनी मॅग्वायरच होतं. सत्तरीकडे झुकलेला केली ऑलिव्हियाबरोबर नाचतो, तेव्हा त्याच्या पावलांत कुठेही ‘उरकून टाकू’ असा भाव दिसत नाही.

एका प्रसंगात सनी आणि डॅनी आपापल्या स्वप्नातला क्लब सांगतात. एकीकडे चाळीसच्या दशकातला बँड, दुसरीकडे ऐंशीचा रॉक बँड. दोन्ही मंच सरकत एकमेकांत मिसळतात आणि दोन्ही गाणी एकत्र वाजतात. हा तुकडा कल्पक आहे, त्याला सिनेमा वाईट असल्याची सवलत द्यावी लागत नाही. नृत्यदिग्दर्शकांमध्ये होता केनी ऑर्टेगा, ज्याने पुढे ‘हायस्कूल म्युझिकल’ दिग्दर्शित केला. मधला छोटा अ‍ॅनिमेशनचा भाग डॉन ब्लूथचा आहे.

‘इतका वाईट की चांगला’ म्हणजे काय?

लेखिका सुसान सोंटॅग यांनी १९६४ मध्ये ‘कॅम्प’ या अभिरुचीवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. भडक, अतिरेकी, कृत्रिम गोष्टींत रमणारी ही आवड. त्यांच्या मते खरा कॅम्प अजाणता घडतो. करणाऱ्याने मनापासून काहीतरी भव्य करायला घेतलेलं असतं आणि ते हाताबाहेर जातं.

‘झॅनाडू’ तसाच आहे. तो प्रेक्षकाला डोळा मारत नाही. स्वप्नं मरत नाहीत, हे तो अगदी गंभीरपणे, चकाकत्या कपड्यांत आणि स्केट्सवर सांगतो. ज्यांना ‘जरा कमी भडक वागा’ असं सतत ऐकावं लागतं, त्यांना असा सिनेमा जवळचा वाटला यात नवल नाही. समलैंगिक प्रेक्षकांनी तो विशेष जपला.

म्हणून ‘गिल्टी प्लेझर’ हा शब्द इथे नीट बसत नाही. पटकथा फसली आहे हे मान्य करूनही गाणी मनापासून आवडू शकतात. समीक्षक सिनेमा कसा बांधलाय ते तपासतो आणि त्या परीक्षेत ‘झॅनाडू’ नापास आहे. तो पाहून तुम्हाला काय वाटावं, हा निकाल मात्र त्याला देता येत नाही. रेटिंग बघून सिनेमा निवडताना आणि कुणाच्या आवडीची कमेंटमध्ये खिल्ली उडवताना हा फरक आपण सहज विसरतो.

पुढे काय झालं?

२००७ मध्ये डग्लस कार्टर बीन यांनी लिहिलेलं ‘झॅनाडू’ ब्रॉडवेवर आलं. सिनेमाची थट्टा करत, पण गाणी प्रेमाने जपत केलेल्या या नाटकाचे पाचशेहून जास्त प्रयोग झाले. सर्वोत्कृष्ट म्युझिकलसह चार टोनी नामांकनंही मिळाली.

सिनेमात क्लब म्हणून दिसणारं पॅन-पॅसिफिक ऑडिटोरियम १९८९ मध्ये आगीत जळालं. ऑलिव्हिया न्यूटन-जॉन गेली ती ८ ऑगस्ट २०२२ रोजी, सिनेमाच्या प्रदर्शनाला बरोबर ४२ वर्षं झाली त्या दिवशी.

पहिल्यांदा बघणार असाल तर

कथा शोधू नका, गाण्यांच्या मधली जागा म्हणून ती सोडून द्या. आवाज मोठा ठेवा. शक्यतो मित्रमंडळींना बोलवा, कारण हसू येणारच आहे. आणि शेवटचा क्लबमधला प्रसंग स्किप करू नका. त्यात केली स्केट्सवर आहे.